मधुमेह आणि मुखाचे आरोग्य

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त गोरेगाव येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामदेवतेच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने मंदिराचे काम तडीस गेले. अशा मंगल प्रसंगी दात आणि हिरड्या हा विषय काढावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुने देऊळ उतरवताना सर्वांनीच एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे. खांब वरून रंगवलेले, दिसायला ठणठणीत. पण त्यांच्या पायाशी वर्षानुवर्षे ओल मुरत होती आणि आतले लाकूड वाळवीने पोखरलेले होते. पहिला पोपडा पडला त्याच वर्षी कोणी वाकून पाहिले असते, तर चार फळ्यांवर काम भागले असते.

माणसाच्या तोंडाचेही तसेच आहे. दात हा खांब, हिरडी हे जोते आणि जबड्याचे हाड हा पाया. ज्याला मधुमेह आहे, त्याच्या जोत्यात ओल लवकर मुरते. घासताना ब्रशला लागलेले रक्त हा पहिला पोपडा. तो पाहून वाकायचे की वरून रंग द्यायचा, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातले कर्ते गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. साखर असल्याचे पाच-सहा वर्षांपूर्वी कळले. गोळी चालू आहे, चहात साखर बंद आहे. तरीही तपासणीचा कागद दर खेपेला वाढीव आकडा घेऊन येतो. घरची मंडळी त्यांच्यावर संशय घेतात की हे बाहेर गोड खातात. ते बिचारे शपथा घेतात. डॉक्टर गोळी वाढवतात. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कोणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. दोन वर्षांपासून त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते, तोंडाला वास येतो, खालचे पुढचे दोन दात हलतात. त्यांच्या समजुतीने हा वयाचा धर्म आहे. साखरेचा आणि दाताचा काही संबंध असेल, हे त्यांच्या मनालाही शिवत नाही. असे घर गोरेगावात शोधायला लांब जावे लागणार नाही. प्रत्येक आळीत, प्रत्येक चाळीत आणि आता प्रत्येक टॉवरमध्येही ते सापडेल.

मधुमेह हा काही नवा रोग नव्हे. चरक-सुश्रुतांनी प्रमेह या नावाने त्याचे वर्णन केले आहे. सुखाने बसून राहणे, जास्त झोपणे, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा अतिरेक ही त्याची कारणे चरकसंहितेत सांगितली आहेत. लोकमान्य टिळकांनाही मधुमेह होता. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले, ते आहारावर कडक बंधन ठेवून. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२१ साली, कॅनडात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला. ज्या रोगाला लोकमान्यांच्या काळी पथ्याखेरीज फारसा उपाय नव्हता, त्याला आज गोळ्या आहेत, इन्शुलिन आहे, बोटाच्या थेंबावर साखर सांगणारे यंत्र आहे. उपाय वाढले, पण रोगीही वाढले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

गोरेगावापुरते बोलायचे तर कारण शोधायला पोथी उघडायला नको. गावठाणाभोवती एके काळी भातशेती होती. पहाटे उठून बांधावर जाणारा माणूस पेज-भात खाई आणि दिवसभरात तो जिरवीही. शेते गेली, कारखाने आले, वसाहती झाल्या. आता कारखान्यांच्या जागी कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती आल्या. ताटातला भात तेवढाच राहिला, पण तो जिरवणारे कष्ट गेले.

आता तोंडात नेमके काय घडते ते पाहू.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ही लाळ तोंडाची झाडलोट करणारी. ती अन्नाचे कण धुऊन नेते, आम्ल मारते, जंतूंना आवर घालते. रक्तातली साखर वाढली की लघवी जास्त होते, अंगातले पाणी कमी पडते आणि तोंडाला कोरड पडते. झाडलोट थांबली की कचरा साचणारच. शिवाय साखर लाळेत आणि हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातही उतरते. म्हणजे जंतूंना आयते अन्नछत्र मिळते. दातांवर चिकट थर बसतो. तो वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो आणि त्याचे किटण बनते. किटणाच्या आडोशाला जंतू हिरडीखाली शिरतात. हिरडी लाल होते, सुजते, हात लावताच रक्त येते.

एवढ्यावर थांबले तर दुरुस्ती सोपी असते. पण मधुमेह्याच्या शरीरात आणखी दोन अडचणी असतात. बारीक रक्तवाहिन्या बिघडल्याने हिरडीला रक्ताचा पुरवठा नीट होत नाही आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. त्यामुळे रोग हिरडीवरून हाडाकडे सरकतो. हाड झिजते, दात लांब दिसू लागतात, त्यांच्यात फटी पडतात आणि शेवटी ते हलतात. यात बहुधा ठणका नसतो, आणि घात होतो तो इथेच. किडलेली दाढ रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीचा रोग मात्र चोरपावलांनी येतो.

ज्यांची साखर ताब्यात नाही, त्यांना हिरड्यांचा हा रोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा दोन ते तीन पट असते. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा हे मधुमेहाचे पाच उपद्रव सर्वांना ठाऊक आहेत. हेराल्ड लो या संशोधकांनी १९९३ साली हिरड्यांच्या रोगाला सहावा उपद्रव म्हटले. डोळ्यांच्या आणि पायांच्या तपासणीची आठवण आता अनेक डॉक्टर करून देतात. तोंड उघडून दाखवायचे मात्र अजून राहूनच जाते.

आता दुसरी बाजू, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. साखरेने हिरडी बिघडते, तशीच बिघडलेली हिरडी साखर वाढवते. सगळ्या दातांभोवतीच्या सुजलेल्या हिरड्या एकत्र मांडल्या, तर हातावरच्या एखाद्या मोठ्या जखमेएवढी जागा होईल. तेवढी पुवाची जखम हातावर असती तर कोणी वर्षभर तशीच ठेवली असती काय? तोंडातली जखम दिसत नाही म्हणून ठेवली जाते. त्या जखमेतून सूज वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळत राहतात आणि इन्शुलिनचे काम अडवतात. मग गोळी घेऊनही आकडा उतरत नाही. उलट हिरड्यांचे उपचार नीट झाले, तर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे ०.४ ने उतरतो असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. दिसायला हा आकडा लहान आहे. पण एखाद्या जादा गोळीच्या अर्ध्या कामाएवढा तो भरतो. अर्थात गोळी बंद करून दात साफ करावेत असा याचा अर्थ नव्हे. दोन्ही हवे.

मघाशी सांगितलेल्या गृहस्थांच्या घरी हेच चालले होते. संशय जिभेवर होता आणि चोर हिरडीत बसला होता.

या चक्राचा आणखी एक फेरा आहे. दाढा गेल्या की माणसाच्या ताटातून काय जाते ते बघा. ज्वारी-नाचणीची भाकरी जाते, काकडी-मुळा जातो, मोड आलेले कडधान्य जाते. राहते काय? मऊ भात, चहात बुडवलेले बिस्किट, पाव, साबुदाण्याची खीर. म्हणजे मधुमेह्याला जे हवे ते चावता येत नाही आणि जे नको ते सहज गिळता येते. घरातल्या वृद्धांनी भाकरी सोडून बिस्किटे धरली, तर त्यांना चोचले सुचतात असे म्हणण्याआधी त्यांचे तोंड उघडून पाहावे.

२०२१ सालची आठवण काढल्याखेरीज पुढे जाता येत नाही. कोविडच्या काळात गोरेगावच्या नेस्को मैदानावर मोठे उपचार केंद्र उभे राहिले होते, ते सर्वांनी पाहिले आहे. दुसऱ्या लाटेच्या पाठोपाठ म्युकरमायकोसिस नावाचा बुरशीचा रोग आला. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. साखर हाताबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइड घ्यावे लागलेल्या रोग्यांना त्याने मुख्यतः गाठले. महाराष्ट्रात असंख्य कुटुंबांना त्याची झळ लागली. कोणाचा वरचा जबडा काढावा लागला, कोणाचा डोळा गेला, कोणाचा जीव गेला. त्या रोगाच्या सुरुवातीच्या खुणा अनेकदा तोंडातच होत्या. वरचे दात अचानक हलू लागणे, गाल सुजणे किंवा बधिर होणे, टाळूवर काळा डाग पडणे, नाकातून काळसर पाणी येणे. ती साथ ओसरली, रोग आता क्वचित आढळतो, पण शिकवण राहिली. मधुमेह्याच्या तोंडातली नवी खूण उद्यावर टाकू नये.

यापेक्षा लहान, पण रोजच्या खुणाही आहेत. जिभेवर किंवा टाळूवर पांढरा, खरवडला तर लाल दिसणारा थर ही बुरशी असू शकते. ओठांचे कोपरे चिरणे, जिभेची आग, चव बदलणे, लहानशी जखम दोन आठवड्यांतही न भरणे, या साऱ्या खुणा डॉक्टरांना दाखवण्याच्या आहेत. ज्यांना मधुमेह असल्याचे अजून ठाऊकच नाही, त्यांचीही पहिली चाहूल कधी कधी दंतवैद्यालाच लागते. वारंवार हिरडीला गळू होणे किंवा एकाएकी दात सैल होणे, असे दिसले तर साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर पुन्हा तपासणी करून डॉक्टर मधुमेहाचे निदान करतात.

आता गावच्या सवयींकडे वळू. थोडे कडू बोलावे लागेल, पण देवळाच्या मांडवात खोटे बोलू नये.

पहिली सवय मशेरीची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही पूड आपल्याकडे अनेक माउल्या दात घासण्यासाठी म्हणून लावतात. सकाळची एक वेळ, मग दुपारची, मग करमत नाही म्हणून आणखी एकदा. मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत, तंबाखूचे व्यसन मात्र लागते. हिरड्या दातांपासून सुटतात आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी होते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. बंदी कागदावर राहू द्यायची की घरात पाळायची, हे घरच्यांनी ठरवायचे असते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी फसवी आहे. धुरामुळे हिरडीतून रक्त कमी येते. त्यामुळे माणूस समजतो आपल्या हिरड्या उत्तम, आणि आत हाड झिजत असते.

दुसरी सवय घोटाघोटाने गोड घेण्याची. दिवसातून सहा कटिंग चहा, मधे बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, खिशात खडीसाखर. किती गोड खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले हेही दातांना महत्त्वाचे असते. प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होते आणि दाताला सावरायला अवधी मिळत नाही.

तिसरी गोष्ट प्रसादाची आणि उपवासाची. प्रसाद नाकारू नये ही आपली रीत आहे आणि ती मोडायची गरज नाही. प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो, द्रोणभर घेतल्याने पुण्य वाढत नाही. घेतल्यावर पाण्याने चूळ भरावी. सुके खोबरे, फुटाणे, पेरूची फोड हाही नैवेद्य देवाला चालतो. उपवास करणाऱ्या मधुमेह्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साबुदाणा आणि बटाटा खाऊन केलेला उपवास साखर चढवतो, आणि गोळी घेऊन कडकडीत उपाशी राहिले तर साखर एकदम उतरते. घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे. त्या वेळी दातांचा विचार न करता आधी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालयात न्यावे. साखर उतरणे हा जिवाचा प्रश्न आहे. तोंड मागाहून धुता येते.

चूळ भरण्यावरून एक आठवण निघते. याच गोरेगावात पाण्यासाठी बायाबापड्यांना वणवण करावी लागत असे. १९६१ साली महानगरपालिकेवर निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांनी त्यासाठी मोर्चे काढले, लढे दिले आणि लोक त्यांना प्रेमाने पाणीवाली बाई म्हणू लागले. एवढ्या झगड्याने दारात आलेले पाणी आहे. जेवणानंतर, चहानंतर त्यातला एक घोट खळखळून चूळ भरायला वापरला, तर याहून स्वस्त औषध दुसरे नाही. वाडवडील पानावरून उठल्यावर हात धुताना चूळ भरत, ती सवय वेडगळ नव्हती.

घरी पाळायचे नियम थोडे आहेत. ते क्रमाने असे.

१. दिवसातून दोन वेळा दात घासावेत, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी. दोन्ही वेळा घासण्याचे चरकसंहितेतही सांगितले आहे, आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये असेही. रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते.

२. ब्रश मऊ असावा, पेस्ट फ्लोराइडची असावी. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून हलक्या हाताने दोन मिनिटे फिरवावा. भांडे घासल्यासारखे खसाखसा घासू नये. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दाताचे कवच झिजते. पेस्ट गोड लागते म्हणून साखर वाढेल ही भीती नको, ती गिळायची नसते. तीन महिन्यांनी ब्रश बदलावा.

३. दोन दातांमधली घाण ब्रशने निघत नाही. त्यासाठी दातांचा धागा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश मिळतो. टाचणी, सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी यांना तोंडात जागा नाही. जीभही हलकेच साफ करावी.

४. कवळी असेल तर ती रात्री काढावी, ब्रशने घासून पाण्यात ठेवावी. कवळी रात्रंदिवस घालून झोपणाऱ्या मधुमेह्याच्या टाळूला बुरशी लवकर धरते. दात नाहीत म्हणजे काळजी नाही असे समजू नये.

५. कोरड पडत असेल तर थोडे थोडे साधे पाणी प्यावे. सरबत आणि थंड पेये यांनी कोरड जात नाही, साखर मात्र चढते. कोरड एकाएकी वाढली तर साखर तपासावी.

६. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहून ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी घट्ट असते आणि घासताना तिच्यातून रक्त येत नाही. हिरडीचे रक्त ही शरीराने पाठवलेली पहिली नोटीस समजावी. नोटीस फाडून टाकल्याने थकबाकी माफ होत नाही, तिच्यावर व्याज चढते.

दंतवैद्याकडे दर सहा महिन्यांनी जावे. ज्यांच्या हिरड्या बिघडल्या आहेत त्यांना तो तीन-चार महिन्यांनी बोलावील, ते ऐकावे. जाताना साखरेचा ताजा कागद आणि चालू गोळ्यांची यादी न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावे, पण आपल्या मनाने बंद करू नये. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता आणि नेहमीची औषधे घेऊनच जावे. दात काढायचा म्हणून उपाशी गेलेला मधुमेही खुर्चीत चक्कर येऊन पडतो, आणि मग दोष दात काढण्याला दिला जातो. साखर फार चढलेली असेल तर साधे काम डॉक्टर पुढे ढकलतील. पण गाल सुजला, पू आला, ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळता येईना, तर साखर उतरण्याची वाट न बघता त्याच दिवशी जावे. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून ठणका दाबू नये. लवंगेच्या तेलाने रात्र काढता येते, रोग काढता येत नाही.

खर्चाचे कारण पुष्कळांकडून ऐकू येते आणि ते खोटे नाही. खाजगी दवाखान्यात दाताचे काम महाग पडते. परंतु मुंबई सेंट्रल येथे महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दोन्ही ठिकाणी खर्च बराच कमी येतो. २०१८ साली हार्बर रेल्वे गोरेगावपर्यंत आली, त्यामुळे इथे गाडीत बसले की थेट टर्मिनसला उतरता येते. रांग लागते, एक दिवस मोडतो. पण किटण वेळेवर काढून घेण्याचा खर्च आणि गेलेल्या दातांच्या जागी नवे बसवण्याचा खर्च यांची बेरीज शेजारी शेजारी मांडली, तर तो मोडलेला दिवस फायद्याचाच ठरतो.

आता काही समजुती. वरचा दात काढला की डोळे अधू होतात असे म्हणतात. दात आणि डोळे यांच्या नसा वेगळ्या आहेत, दात काढल्याने नजर जात नाही. मधुमेह्याची नजर जाते ती साखरेने, आणि दोष पडतो दातावर. दात साफ करून घेतले की ते सैल होतात, ही दुसरी समजूत. किटण हे पडक्या भिंतीला धरून ठेवणाऱ्या रानवेलीसारखे असते. वेल काढली की भिंतीच्या फटी दिसतात, पण फटी वेलीनेच पाडलेल्या असतात. मधुमेह्याचा दात काढूच नये, ही तिसरी समजूत. साखर ताब्यात असेल तर दात सुरक्षितपणे काढता येतो आणि जखमही भरते. म्हातारपणी दात पडायचेच, ही चौथी. दात पाडते ते वय नव्हे, वयाबरोबर साचलेले दुर्लक्ष.

घरच्या माणसांसाठीही दोन शब्द. तोंडाला वास येतो म्हणून माणूस चारचौघांत बोलायचे टाळतो, नातवंडाला जवळ घ्यायला संकोचतो, पंगतीत मागे बसतो. त्याला टोमणे मारू नयेत. हातात मऊ ब्रश द्यावा आणि बरोबर दवाखान्यात जावे. सासूबाईंची मशेरी सुटावी असे सुनेला वाटत असेल, तर तिने आधी त्यांच्या हिरड्या किती दुखतात ते विचारावे. रागाने काही सुटत नाही, आणि सुटलेच तर चोरून पुन्हा लागते. सोबत मिळाली तर सुटण्याची आशा असते.

बंधू-भगिनींनो, मंदिरासाठी कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंट दिले, कोणी नुसते श्रम दिले. दगडाच्या देवळासाठी ज्यांनी एवढे केले, त्यांनी हाडामांसाच्या देवळाकडेही थोडे पाहावे एवढीच विनंती आहे. वर्षातून एक दिवस याच सभामंडपात साखर आणि दात यांची तपासणी एकत्र होऊ लागली, तर जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पूर्ण होईल. एखाद्या देणगीदाराने कलशाशेजारी नाव कोरण्याऐवजी त्या दिवसाचा भार उचलला, तर ते दान देवी नाकारणार नाही.

नवे मंदिर उभे राहिले म्हणून काम संपले नाही. रोज झाडलोट हवी, पावसाळ्याआधी पन्हळी साफ करायला हव्यात, भिंतीला ओल दिसली की त्याच आठवड्यात गवंडी बोलवायला हवा. आपल्या तोंडाचेही काम एवढेच आहे, रोज दोन वेळा दोन मिनिटे. आज रात्री घरी गेल्यावर प्रत्येकाने झोपण्यापूर्वी दात घासावेत आणि थुंकीत रक्त आहे का ते पाहावे. नसेल तर देवीचे आभार मानून निजावे. असेल तर उद्या सकाळी दवाखान्याची वेळ घ्यावी. देवीच्या दर्शनाला पुढच्या वर्षी याल, तेव्हा प्रत्येकाचे हसू आपल्या स्वतःच्या दातांचे असो, अशी ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना करून हे व्याख्यान संपवणे योग्य होईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.